पूर्वदृष्टमीमांसा
अर्थात 'हे कुठंतरी पाहिलंय' या उद्गाराचे लक्षण, भेद आणि संप्रदाय. संयुक्त अरब अमिरातींच्या विशेष संदर्भासह

१. अनुबंधनिर्देश

शास्त्रारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या अनुबंधचतुष्टयाचा निर्देश करावा, असा शिष्टांचा दंडक आहे. तदनुसार, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिका पाहत असता प्रेक्षकाच्या मुखातून निघणारा 'हे कुठंतरी पाहिलंय' हा उद्गार, हा प्रस्तुत शास्त्राचा विषय. त्याचे लक्षण, भेद, काल आणि परिणाम यांची निश्चिती, हे प्रयोजन. उद्गार आणि सोफा यांचा आधेय-आधारभाव, हा संबंध. आणि ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच आहे, परंतु रिमोट अन्य कुटुंबीयाच्या ताब्यात आहे, असा जिज्ञासू हा अधिकारी होय. रिमोटधारकास अधिकार नाही. तो कंटाळताच वाहिनी बदलतो, आणि वाहिनी बदलणाऱ्याच्या ठायी तत्त्वचिंतन टिकत नाही.

चित्रपट-मालिकांतील मौलिकतेच्या अभावाविषयी आजवर विपुल लिहिले गेले. त्यातील बहुतेक शाई निर्माते, लेखक आणि वाहिन्या यांच्या निर्भर्त्सनेत खर्ची पडली. हा मार्ग अशास्त्रीय होय. नक्कल निर्मात्याच्या कचेरीत जन्मत नाही. तेथे केवळ करार, कथाबीज आणि चहा असतो. प्रेक्षक ओळखतो, आणि ओळखून बोलतो, त्या क्षणी नक्कल अस्तित्वात येते. न ओळखलेली नक्कल व्यवहारात मौलिक कृतीच असते. या उपेक्षित सत्याच्या पायावर पुढील मांडणी केली आहे.

२. लक्षण व पदकृत्य

पूर्वदृष्टोद्गाराचे लक्षण असे: 'प्रस्तुत दृश्याच्या समाप्तीपूर्वी, अन्य कृतीच्या स्मरणाने उत्पन्न झालेले, सहप्रेक्षकास उद्देशून केलेले आणि त्याने न विचारलेले निवेदन, तो पूर्वदृष्टोद्गार.'

या लक्षणातील प्रत्येक पद सार्थ आहे. 'समाप्तीपूर्वी' हे पद नसते, तर चित्रपट संपल्यावर मॉलच्या पार्किंगमध्ये आपली गाडी शोधत असता होणारी चर्चाही लक्षणात शिरली असती. तीत ओळखीपेक्षा गाडीची चिंता प्रधान असते. 'अन्य कृतीच्या' असे न म्हणावे, तर दुपारच्या पुनःप्रक्षेपणाच्या वेळी 'हे काल पाहिलंय' या विधानासही उद्गारपद प्राप्त होईल. 'सहप्रेक्षकास उद्देशून' हे पद एकांतातील पुटपुटणे वगळण्यासाठी आहे. 'न विचारलेले' हे पद मात्र या लक्षणाचा प्राण होय. सहप्रेक्षकाने विचारल्यावर दिलेले उत्तर ही माहिती ठरते, आणि माहितीचा या शास्त्राशी काही संबंध नाही.

३. पूर्वाचार्य

साम्याचा प्रश्न आपल्या आचार्यांनी फार पूर्वी हाताळला आहे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या कृतींमधील साम्याचे तीन भेद सांगितले. पहिले आरशातील प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रातील आकृतीसारखे आणि तिसरे दोन भिन्न देहधाऱ्यांतील सारखेपणासारखे. पहिली दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य, असा त्याचा निर्णय. दोन माणसांचे चेहरे सारखे असले म्हणून त्यांतील एकाने घर सोडून जावे, असे कोणी म्हणत नाही.

पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त यास चौथा भेद जोडला आणि त्यास 'परपुरप्रवेश' असे नाव दिले. एका नगरीतील वस्तू दुसऱ्याच्या नगरीत जाऊन वेगळ्या रूपाने नांदते, ती अवस्था म्हणजे परपुरप्रवेश. चारही भेदांचे प्रत्येकी आठ पोटभेद पाडून त्याने अर्थहरणाचे बत्तीस प्रकार सिद्ध केले. उपग्रह वाहिन्या उपलब्ध नसताना बत्तीसपर्यंत पोहोचणे हे असामान्य बुद्धीचे द्योतक होय. त्याच्या पणजोबांस, अकालजलदास, 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणत. तेव्हा या शास्त्राचा महाराष्ट्राशी असलेला ऋणानुबंध जुना आहे, हेही नोंदवणे क्रमप्राप्त आहे.

दृश्यकलेच्या क्षेत्रात आधार म्हणून सर्वप्रथम राजा हरिश्चंद्राचा उल्लेख करावा लागतो. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी त्याची कथा पडद्यावर आणली. १९१७ साली कलकत्त्याच्या एका कंपनीने तीच कथा पुन्हा चित्रित केली. १९३२ साली प्रभातने मराठीतील पहिला बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. राजा तोच होता. त्याच चित्रपटाची हिंदी आवृत्तीही सोबत निघाली. ज्या राजाने स्वतःचे राज्य, पत्नी आणि पुत्र यांपैकी कशावरही हक्क सांगितला नाही, त्याच्या कथेवर इतरांनी हक्क सांगणे शोभलेही नसते. भारतीय चित्रसृष्टीच्या उगमाशीच दानशूर नायक लाभला, ही घटना शास्त्रदृष्ट्या योगायोग मानता येत नाही.

मराठी रंगभूमीवर तर पूर्वदृष्ट वस्तूंचा मुक्त संचार होता. शेक्सपिअरचा ऑथेल्लो देवलांच्या लेखणीतून 'झुंझारराव' झाला. ब्रँडन थॉमसच्या १८९२ सालच्या 'चार्लीज आँट' या प्रहसनातील मावशी आचार्य अत्रे यांच्या हस्ते मोरूची मावशी झाली. परंतु त्या काळी उद्गार क्वचितच ऐकू येई. कारण उघड आहे: लंडनला जाऊन मूळ मावशी पाहून, गिरगावात परतून, दुसरी मावशी पाहणारा प्रेक्षक विरळा. उद्गारास दोन दर्शने आवश्यक असतात. दर्शनांतील अंतर जहाजाने तोडावे लागे, तोवर हे शास्त्र गर्भावस्थेतच राहिले.

४. प्रयोगक्षेत्र

हे शास्त्र पुण्यात उदयास येणे अशक्य होते. तेथे शेजारी तीच भाषा बोलतो, तीच वाहिनी पाहतो आणि त्याचा अभिप्राय पाहण्याआधीच निश्चित असतो. शास्त्रास विविध भाषा, समान भिंती आणि नियमित वेळ हवी. या तिन्हींचा संगम संयुक्त अरब अमिरातींत, विशेषतः दुबईच्या करामा भागात आणि शारजाच्या अल नहदा भागात होतो. येथे भारतीय समाज हा सर्वांत मोठा परदेशी समाज आहे. एका मजल्यावर मराठी, बंगाली, मल्याळी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि हिंदी कुटुंबे शेजारी-शेजारी नांदतात. दोन फ्लॅटांमधील भिंत भाडेकरूस खाजगीपणा देण्यास अपुरी, परंतु शास्त्रास पुरेशी असते.

कालाचाही विचार आवश्यक आहे. अमिरातींचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालते. भारतात साडेआठ वाजता अपमानित होणारी सून येथे सात वाजता अपमानित होते. अपमानाचा क्षण मात्र एकच. चित्रपटांच्या बाबतीत क्रम उलटा होतो. हिंदी चित्रपट येथे बहुधा गुरुवारी लागतात आणि भारतात शुक्रवारी. त्यामुळे अमिरातींतील प्रेक्षकास उद्गाराचा एक दिवसाचा अग्राधिकार मिळतो. तो अधिकार तो गुरुवारी रात्रीच डोंबिवलीच्या बहिणीस व्हॉट्सॲपवर लेखी संदेश पाठवून बजावतो. व्हॉट्सॲपवरून बोलणे येथे चालत नसल्याने हा उद्गार लिखित स्वरूपात राहतो, आणि शास्त्रास प्रमाणभूत हस्तलिखिते विनासायास उपलब्ध होतात.

प्रमुख प्रयोगवस्तू म्हणून 'श्रीमयी' या बंगाली मालिकेचा स्वीकार करावा. ती २०१९ साली स्टार जलसा वाहिनीवर सुरू झाली. गृहिणी, तिच्या कष्टांची किंमत नसलेले घर, पतीचे परस्त्रीशी संबंध, आणि उशिरा आलेले आत्मभान, असे तिचे कथाबीज. त्याच वर्षअखेर ती स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' झाली. मल्याळममध्ये ती 'कुडुंबविळक्कु', तमिळमध्ये 'बाक्कियलक्ष्मी', तेलुगूत 'इंटिंटी गृहलक्ष्मी', कन्नडमध्ये 'इंती निम्म आशा' आणि हिंदीत 'अनुपमा' या नावांनी अवतरली. एका श्रीमयीपासून अरुंधती, सुमित्रा, तुळसी, भाग्यलक्ष्मी, अनुपमा आदी उत्पन्न झाल्या. पुराणांत दशावतारांस युगे लागली; येथे मुळासह सात अवतार सुमारे वर्षभरात पूर्ण झाले.

आता निरीक्षणाची पद्धत. सायंकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन आपल्या दारातून मजल्याच्या टोकाच्या कचरा टाकण्याच्या खोलीपर्यंत संथ गतीने चालत जावे. या मार्गावर सहा-सात दारे लागतात. मालिका वेगवेगळ्या तारखांना सुरू झाल्या आणि त्यांच्या गतीही भिन्न, म्हणून प्रत्येक दारामागे तीच नायिका विवाहाच्या वेगळ्या टप्प्यावर असते. एका दारामागे पतीस संशय येत असतो. दुसऱ्यामागे त्याच्याविषयी संशय येत असतो. तिसऱ्यामागे वकील बोलतो. चौथ्यामागे घटस्फोट झालेला असून सासू रडते. परत येताना पहिल्या दारासमोर थांबल्यास तेथे अजून काहीच घडलेले नसते. इतक्या अल्प अंतरात संपूर्ण संसाराचे दर्शन घडवणारा दुसरा मार्ग प्रस्तुत लेखकास ज्ञात नाही.

येथे नातूराची साक्ष लौकिक प्रमाण म्हणून घेणे योग्य. नातूर, म्हणजे इमारतीचा राखणदार, खालच्या लॉबीत बसतो आणि देखभालीसाठी प्रत्येक मजल्यावर फिरतो. त्याच्या मते सर्व घरी एकच मालिका चालते. आवाजातील फरकाकडे त्याने लक्ष दिलेले नाही. ज्या निष्कर्षाप्रत येण्यास आलंकारिकांस शतके लागली, तेथे तो नळाची गळती पाहत पाहत पोहोचला.

५. परपुरप्रवेशाचे षड्भेद

राजशेखराच्या परपुरप्रवेशास अमिरातींत नवे भाष्य लाभते, कारण येथील बहुसंख्य रहिवासी स्वतः परपुरात प्रविष्ट आहेत आणि प्रवेशाचे भेद त्यांच्या पासपोर्टवर शिक्क्यांनिशी नोंदलेले आहेत. कथांच्या प्रवेशाचे भेदही तेच होत.

(१) *भेटप्रवेश.* देह मूळचा, वाणी परकी. यालाच लोक डबिंग म्हणतात. उदाहरण: २००५ सालची 'ग्युमुश' ही तुर्की मालिका. एमबीसी या तेव्हा दुबई मीडिया सिटीत मुख्यालय असलेल्या वाहिनीसमूहाने ती २००८ साली सीरियन बोलीत ध्वनिमुद्रित करून 'नूर' या नावाने दाखवली. नायिका ग्युमुशची नूर झाली, नायक मेहमतचा मुहन्नद झाला. ओठ तुर्की हलत राहिले, प्रेम अरबीत झाले, आणि अरब जगताने मायदेशापेक्षा अधिक जिव्हाळ्याने तिला जवळ केले. भेटीस आलेल्या पाहुण्याचे घरच्यापेक्षा अधिक लाड होतात, हा न्याय येथे लागू होतो.

(२) *नोकरीप्रवेश.* हक्क रीतसर विकत घेऊन, करार करून, नव्या देहाने केलेला प्रवेश. उदाहरण: जीतू जोसेफ यांचा २०१३ सालचा मल्याळी 'दृश्यम'. तो कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि चिनी भाषांत रुजू झाला. हिंदी अवतार निशिकांत कामत यांनी गोव्यात वसवला. दुसरे उदाहरण पाओलो जेनोवेझे यांच्या २०१६ सालच्या इटालियन 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'चे. जेवणाच्या टेबलावर सर्वांनी आपापले मोबाइल उघडे ठेवावेत, एवढे त्याचे कथासूत्र. २०१९ पर्यंत अठरा पुनर्निर्मिती झाल्याने गिनेसने त्याची नोंद घेतली. २०२२ च्या जानेवारीत त्याचा अरबी अवतार आला आणि त्याच्या निर्मितीत दुबईच्या फ्रंट रो या कंपनीचा सहभाग होता. २०२४ साली हिंदीत 'खेल खेल में' आला. ज्या खेळात सर्वांचे गुपित फुटते, त्याचेच गुपित सर्वाधिक देशांत फुटले.

(३) *आश्रितप्रवेश.* यजमानाच्या नावावर कुटुंबीय येतात तसा. उत्तरभाग, उपकथा आणि शहरोशहरीच्या शाखा या वर्गात मोडतात. अमेरिकेतील श्रीमंत गृहिणींच्या कलहांवरील कार्यक्रमाची 'द रिअल हाउसवाइव्ज ऑफ दुबई' ही शाखा २०२२ साली येथे दाखल झाली. शहर बदलले तरी कलहाची मूळ प्रकृती बदलत नाही, ही गोष्ट या शाखेने सिद्ध केली.

(४) *विनापरवाना प्रवेश.* यास निर्मातृवर्गात 'प्रेरणा' असे म्हणतात. १९३४ सालच्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये श्रीमंत बापाची पळालेली मुलगी आणि एक वार्ताहर एका बसमध्ये भेटतात. १९५६ साली 'चोरी चोरी'त भेटतात आणि १९९१ साली 'दिल है के मानता नहीं'त पुन्हा भेटतात. १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले'तील बाहुला आणि १९९३ सालच्या 'झपाटलेला'तील तात्या विंचू यांचे गोत्र एकच असावे, असे अनेकांचे मत आहे. शास्त्र या भेदाचा निषेध करीत नाही. केवळ नोंद करते.

(५) *मुदतबाह्य वास.* कथा संपली तरी मालिका सुरूच राहणे. अमिरातींत मुदत संपल्यावर राहिल्यास दिवसाला ५० दिरहम दंड आहे. मालिकांच्या बाबतीत दंड असतोच, केवळ तो प्रेक्षकाने भरायचा असतो. मूळ 'श्रीमयी' २०२१ साली विराम पावली, तरी तिचा मराठी अवतार हजाराहून अधिक भाग टिकून २०२४ सालापर्यंत वास्तव्यास होता. मुदत संपल्यावरही मनुष्य का थांबतो, याचे उत्तर येथील कित्येक रहिवाशांस ठाऊक आहे: परत जाण्याची तारीख दरवर्षी पुढच्या वर्षी असते.

(६) *सुवर्णप्रवेश.* अमिरातींनी २०१९ साली दहा वर्षांच्या दीर्घ निवासाची सुवर्ण योजना आणली. कथासृष्टीत ही योजना फार पूर्वीपासून लागू आहे. जत्रेत हरवलेले भाऊ, एकसारखे दिसणारे दोघे, स्मृतिभ्रंश झालेला नायक, देवदास आणि पूर्वोक्त हरिश्चंद्र हे तिचे धारक. यांना सीमेवर कोणी अडवीत नाही. परवान्याची विचारणाही करीत नाही.

६. उद्गात्यांचे प्रकार

कथेचा प्रवेश हे उद्गाराचे निमित्तकारण. कर्ता म्हणजे उद्गाता. तोही सहा प्रकारचा आढळतो.

(१) *नामावलीज्ञ.* कलाकारांची नावे पडद्यावर येत असतानाच बोलतो. त्याचे ज्ञान अनुभवातून नव्हे, तर आदल्या रात्रीच्या वाचनातून आलेले असते. त्यास ओळखण्याचा आनंद मिळत नाही; केवळ पुढे असण्याचा मिळतो.

(२) *मूलनिष्ठ.* 'ओरिजिनल बघा, मग कळेल' हे त्याचे आर्षवचन. त्याने ओरिजिनल पाहिलेले असावे, असा नियम नाही. मूळ कृतीविषयीचा आदर ती न पाहिल्याने अधिक दृढ होतो, हे निरीक्षणाने सिद्ध झाले आहे.

(३) *स्थलज्ञ.* कथेऐवजी जागा ओळखतो. अमिरातींत हा वर्ग विशेष समृद्ध आहे, कारण येथील वाळूने अनेक भूमिका केल्या आहेत. 'एअरलिफ्ट'मध्ये रास अल खैमा कुवेत झाले. 'टायगर जिंदा है'मध्ये अबुधाबी इराक झाले. 'स्टार वॉर्स'मध्ये त्याच अमिरातीचे वाळवंट जाकू नामक ग्रह झाले, आणि 'ड्यून'मध्ये लिवा परिसरातील टेकड्या अराकिस झाल्या. दोन परदेश आणि दोन परग्रह एकाच वाळूत सामावले असता स्थलज्ञ काका मात्र ग्रहसंकटाकडे दुर्लक्ष करून म्हणतात, "अरे, मागच्या डेझर्ट सफारीला इथंच गाडी रुतली होती आपली!" 'बँग बँग' या चित्रपटाच्या वेळी स्थलज्ञ आणि मूलनिष्ठ यांत तीव्र स्पर्धा झाली, कारण तो अबुधाबीत चित्रित झालेला असून 'नाइट अँड डे' या २०१० सालच्या हॉलिवूडपटाचा अधिकृत हिंदी अवतारही आहे. एकाच दृश्यावर दोन उद्गार एकदम झाले आणि नायिकेचे संवाद कोणासही ऐकू आले नाहीत.

(४) *स्वभाषाभिमानी.* 'हे आपल्या मराठीत कधीच होऊन गेलंय' असे म्हणणारा. त्याच्या शस्त्रागारातील मुख्य अस्त्र म्हणजे 'सैराट'. २०१६ सालचा हा चित्रपट कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी भाषांनी नेला, या वस्तुस्थितीपुढे प्रतिपक्ष निरुत्तर होतो. परंतु याच उत्साहात तो पुढे 'अशी ही बनवाबनवी'चे नाव घेतो आणि तेथे त्याचे पतन होते. त्याची चिकित्सा पुढील प्रकरणात येईल.

(५) *भविष्यवेत्ता.* मूळ भाषेतील मालिका आधी पाहून झालेली शेजारीण. 'श्रीमयी'च्या काळात हा मान समोरच्या फ्लॅटमधील बंगाली वहिनींकडे होता. लिफ्टमध्ये भेटल्यावर त्या काही सांगत नसत. फक्त सहानुभूतीने पाहत असत. अरुंधतीच्या पुढील सहा महिन्यांचे दुःख त्या एका दृष्टिक्षेपात व्यक्त होई. शब्दावाचून उद्गार होऊ शकतो काय, हा वाद याच दृष्टिक्षेपामुळे उद्भवला.

(६) *मौनी.* सर्व ओळखतो, परंतु बोलत नाही. आचार्यांनी यास श्रेष्ठ मानले आहे. त्याच्या अस्तित्वाविषयी मात्र मतभेद आहेत, कारण जो काहीच बोलत नाही तो मौनी आहे की निद्रिस्त, हे बाह्य लक्षणांवरून ठरवता येत नाही.

७. संप्रदायभेद

उद्गाराच्या स्वरूपाविषयी तीन संप्रदाय प्रसिद्ध आहेत.

*करामा संप्रदाय* मूलवादी आहे. प्रत्येक कृतीस एक निश्चित मूळ असते आणि ते उच्चारणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य होय, असे तो मानतो. *अबुधाबी संप्रदाय* अधिकृततावादी आहे. मोबदला देऊन हक्क घेतलेले असल्यास उद्गार करू नये. केल्यास तो दोष ठरतो, असे त्याचे म्हणणे. *नहदा संप्रदाय* अनवस्थावादी आहे. मुळास मूळ असते, त्यासही मूळ असते, सबब थांबण्यास जागा नाही, असा त्याचा सिद्धांत.

यांच्यातील प्रधान शास्त्रार्थ 'अशी ही बनवाबनवी'वर झाला. घर भाड्याने मिळावे म्हणून पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची ही १९८८ सालची कथा. घरभाडे हा विषय निघताच अमिरातींत सभेची एकाग्रता वाढते, हे सांगणे नलगे. करामापक्षाने मांडले की या चित्रपटावरून पुढे तेलुगू, कन्नड, हिंदी आणि पंजाबी अवतार झाले, सबब मूळ मराठी. अबुधाबीपक्षाने हक्कांची कागदपत्रे मागितली. तेव्हा नहदापक्षाने उठून सांगितले की त्याआधी १९६६ साली हृषीकेश मुखर्जी यांचा 'बीवी और मकान' होता. करामापक्षाने ते मान्य करून मूळ हिंदीत सरकवले. नहदापक्षाने शांतपणे पुढे सांगितले की त्याच्याही आधी १९५५ साली 'जय माकाली बोर्डिंग' हा बंगाली चित्रपट होता. सभेत स्तब्धता पसरली. बंगाली वहिनींनी तेव्हाही केवळ सहानुभूतीने पाहिले.

तथापि बंगालचा विजयही निर्विवाद राहिला नाही. २०१४ सालची 'करुतमुत्तु' ही मल्याळी मालिका तेलुगू, तमिळ, कन्नड, हिंदीत गेली, मराठीत 'रंग माझा वेगळा' झाली आणि २०२२ साली खुद्द बंगालमध्ये 'अनुरागेर छोंया' या नावाने उतरली. म्हणजे ज्यांनी श्रीमयी केरळास दिली, त्यांनी केरळाकडून करुतमुत्तु घेतली. मल्याळी शेजाऱ्यांनी हा मुद्दा मांडला, तोच तमिळ कुटुंबाने स्मरण दिले की केरळातील 'सांत्वनम' आणि महाराष्ट्रातील 'सहकुटुंब सहपरिवार' या दोन्ही 'पांडियन स्टोर्स'च्या कन्या होत. त्या रात्री मजल्यावरील प्रत्येक भाषा धनकोही ठरली आणि ऋणकोही ठरली. अधिवेशन रात्रीच्या जेवणासाठी स्थगित झाले.

पूर्वपक्ष असा आक्षेप घेईल: अमिरातींनी स्वतः काही नवे निर्माण केले नाही काय? त्यावर 'शाइर अल मिलियन' हा दृष्टांत पुढे येतो. २००६ साली अबुधाबीत सुरू झालेल्या या स्पर्धेत कवी नबती कविता म्हणतात, परीक्षक गुण देतात आणि प्रेक्षक मोबाइलवरून मते पाठवतात. गायकांऐवजी कवींना मंचावर आणून लक्षावधी लोकांस कविता ऐकायला लावणे, ही खचितच अपूर्व घटना. करामापक्ष म्हणतो की परीक्षक, मते आणि बाद होण्याची धाकधूक ही पाश्चात्त्य गायनस्पर्धांतून आली. नहदापक्ष उत्तरतो की इस्लामपूर्व काळात ताइफजवळच्या उकाजच्या बाजारात कवी जमून परस्परांशी स्पर्धा करीत आणि ज्येष्ठ कवी निर्णय देत. मग पाश्चात्त्यांनी ही कल्पना कोठून आणली? अबुधाबीपक्ष उकाजच्या बाजाराचे हक्क कोणाकडे आहेत, असे विचारतो. वाद अनिर्णित आहे.

८. आचारधर्म

उद्गात्याने पाळावयाचे नियम संक्षेपाने असे. शेवटच्या प्रसंगाआधी खुनी कोण हे सांगू नये. सांगितल्यास पाहुण्यांचा चहा स्वतः करावा. सासू सोबत असल्यास मूळ मालिकेतील सासू अधिक चांगली होती, असे म्हणू नये. मूळ कृती न पाहता तिचे नाव घेतल्यास प्रायश्चित्त म्हणून ती उपशीर्षकांसह संपूर्ण पाहावी. आणि वाहिनीवर पुनःप्रक्षेपण चालू असल्याचे ध्यानात आल्यास शांतपणे माघार घ्यावी.

९. सिद्धांत

वरील सर्व विवेचनाचा निष्कर्ष सूत्ररूपाने असा: *ज्या कृतीचे मूळ शेजाऱ्याने अद्याप सांगितलेले नाही, ती मौलिक.*

या सूत्रानुसार मौलिकता हा कृतीचा गुण ठरत नाही. तो शेजाराचा अभाव ठरतो. एकभाषी वस्तीत मौलिक कृती विपुल आढळतात आणि अल नहदा येथे एकही आढळत नाही, याचे हेच कारण. निर्जन वाळवंटात एकटाच राहणारा प्रेक्षक सर्व काही प्रथमच पाहतो. परंतु तेथे वीज नसते.

उपसिद्धांत: निर्मात्यांवरील मौलिकतेच्या अभावाचा आरोप या शास्त्रात निराधार ठरतो. उद्गार हे मालिका पाहण्याचे उपफल नसून मुख्य फल आहे. दिवसभर कचेरीत ज्याचे मत कोणी विचारीत नाही, त्यास सायंकाळी न विचारता मत देण्याची एवढी एक संधी प्राप्त होते, आणि तीही निर्मात्यांच्या कृपेने. त्यांनी अभूतपूर्व कथा आणल्यास त्या घटकेपुरता तो प्रेक्षक मुका होईल, हे मान्य. परंतु ही आपत्ती अल्पजीवी असते. नव्या कथेस पहिल्या आठवड्यात कोणी ओळखत नाही. दुसऱ्या आठवड्यात मूलनिष्ठ अस्वस्थ होतो. तिसऱ्यात कोणा भाषेतील शेजारी तिच्यासारखी एक कथा सांगतो. आणि चौथ्यात ती त्याच कथेवरून घेतलेली असल्याचे संपूर्ण मजल्यावर सर्वमान्य होते. निर्मात्यांनी मौलिकतेचा प्रयत्न अवश्य करावा. शास्त्राची त्याने काही हानी होत नाही.